तिसऱ्या खुंटीचं शून्य

खाडीच्या चिखलात काही नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला आहे. बहुतेकांना आठवत नाही. काही जण उत्तरादाखल नाकाला रुमाल लावून दाखवतात. एका गृहस्थांनी मात्र चांगल्या गुळगुळीत कागदावर छापलेला एक अहवाल माझ्यापुढे ठेवला आणि त्यातल्या कोष्टकाच्या शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. त्या ओळीत शून्य होतं. ते शून्य माझं होतं. ते तिथे कसं आलं, ते लिहिते.

मी खेकड्यांचा अभ्यास करते. नीट सांगायचं तर खेकडे, कोळंबी, जवळा आणि त्यांचा सगळा गोतावळा, ज्याला पाठ्यपुस्तकात कवचधारी म्हणतात. खाडीत ते कुठे राहतात, किती जातींचे आहेत, एका जातीला मानवणारी जागा दुसरीला का मानवत नाही, असले प्रश्न. ठाण्याच्या एका कॉलेजात एम.एस्सी. झाल्यावर त्याच विषयात पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. शिष्यवृत्ती सुरू व्हायला वेळ होता म्हणून काही महिने एका खासगी सल्लागार कंपनीत नोकरी केली. खाडीकाठी काही बांधायचं तर आधी तिथे काय जगतं याचा अहवाल लागतो. तो ही कंपनी तयार करून द्यायची. प्रत्यक्ष चिखलात उतरायचं काम माझ्याकडे होतं.

घरातलं वातावरण वेगळं होतं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. वडील कामगार चळवळीत, आई त्यांच्या पत्रकांची प्रुफं तपासायची. स्वतःच्या नावाच्या आधी मला ‘जाहीर आवाहन’ लिहिता यायला लागलं असं ती सांगते. थोडं वाढवून सांगत असेल. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं करायचे. सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर आंबिवली स्टेशनाबाहेर पत्रकं वाटायला उभी राहायचे. कागद हातात घेतलेला माणूस किती पावलांवर तो टाकून देतो, हे आम्ही दोघं बघायचो. कोणी थांबून वाचायला लागला की वडील आनंदाने पुढे व्हायचे, आणि तो माणूस बहुतेक वेळा त्यातली एखादी चूक दाखवायलाच थांबलेला असायचा. “आकडा चुकला की मेलो,” वडील परतताना म्हणायचे. “बाकी सगळं खरं असलं तरी.”

ठाण्याच्या कोलशेत गावाच्या खालच्या अंगाला आमची पाहणीची जागा होती. पद्धत साधी असते. काठावरच्या तिवरांच्या झाडीपासून पाण्याच्या दिशेने एक दोरी सोडायची. दोरीवर तीन खुंट्या. पहिली तिवरांच्या मुळांत, दुसरी मधल्या चिखलात, तिसरी अगदी खाली, जो चिखल फक्त उधाणाच्या, म्हणजे अवस-पुनवेच्या, दिवसांतल्या मोठ्या ओहोटीला उघडा पडतो तिथे. प्रत्येक खुंटीशी प्लास्टिकच्या पाइपची चौकट टाकायची, आतली बिळं मोजायची, ठरलेल्या खोलीपर्यंत चिखल काढायचा, तो बारीक चाळणीत धुवायचा आणि उरेल ते बाटलीत भरायचं.

पहिल्याच दिवशी चौकट सपाट बसेना. बिळांच्या तोंडांवर तिवराच्या काड्या आडव्या पडलेल्या होत्या. भरतीने आणलेला कचरा, असं समजून मी त्या वेचून बाजूला ढीग केला. मागून आवाज आला.

“ए बाय! कं करतंस गो? माझी दारं कनाला उघडतंस?”

पन्नाशी ओलांडलेली एक कोळीण उभी होती. साडी गुडघ्यांच्या वर खोचलेली, कमरेला टोपली बांधलेली, हातात टोकाशी वाकवलेली लोखंडी सळई. मी म्हटलं, मी अभ्यासासाठी आलेय.

“अभ्यासात काड्या चोरायला शिकवतान?”

मग तिने समजावलं. ज्या बिळातून चिंबोरी, म्हणजे खाडीचा मोठा खेकडा, काढली, त्याच्या तोंडावर काडी आडवी, टोकं चिखलात दाबून ठेवायची. म्हणजे हे घर रिकामं आहे, पुढच्या उधाणापर्यंत यात कोणी सळई घालू नये. तिच्या सासूपासून त्या काठावरच्या चार घरांतल्या बायका हा नियम पाळत होत्या. रिकाम्या बिळात दुसरी चिंबोरी राहायला आली की आत-बाहेर करताना काडी सरकते.

“काडी हलली का समजायचा, नवा भाडेकरी आयला.”

मी सॉरी म्हटलं.

“सॉरी कं करू? ठेव परत.”

“पण कुठली कुठं होती ते मला…”

“मना म्हायती हाय. तू नुसती धर.”

आम्ही दोघींनी काड्या परत ठेवल्या. एकही बीळ ती विसरली नव्हती. माझी चौकट त्या दिवशी दोन हात पलीकडे गेली.

तेव्हापासून मी तिला मावशी म्हणायला लागले आणि ती मला मास्तरीण, कारण मी सारखी वहीत काहीतरी लिहायचे. चिखलात चालायला तिनेच शिकवलं. पाय सरळ उपसायचा नाही, टाच आधी सैल करायची. घाबरलं की आणखी रुतायला होतं, तेव्हा बसकण मारायची. लाजायचं नाही. मी बऱ्याचदा बसले.

तिवरांच्या श्वासमुळांना पांढरे, धारदार खडे चिकटलेले असतात. पायाला कापतात. मावशी त्यांना दगडच समजायची. एकदा भरती चढताना मी तिला भिंग दिलं आणि पाण्याखाली गेलेल्या एका मुळाकडे बघायला सांगितलं. खड्याचं तोंड उघडत होतं, आतून पिसासारखे पाय बाहेर येत होते आणि पाणी ओढून आत जात होते. हा खेकड्या-कोळंबीचाच नातेवाईक आहे, मी म्हटलं. पिल्लू असताना पोहतो, मग डोकं टेकवून कायमचा चिकटतो, भोवती भिंत बांधतो आणि पायांनी अन्न आत ढकलतो.

मावशीने बराच वेळ पाहिलं.

“म्हंजे डोक्यावर उभा रावून पायांनी जेवतो?”

“हो.”

“आमच्या घरान पन एक हाय तसा. फक्त त्याचा भिंत बांधायचा रायलाय.”

ही तिच्या दिराची गोष्ट होती. घराचा मागचा भाग तो कित्येक वर्षं बांधायला घेणार होता.

तिच्याकडे एक ठाम मत होतं: अवसेच्या आसपास चिंबोरी भरलेली असते, पुनवेला पोकळ. कोपरीच्या बाजारात ती बसायची तेव्हा गिऱ्हाइकंही हेच बोलायची. मी हे मोजून पाहायचं ठरवलं. वजनं घ्यायला लागले, पण पुरेशा चिंबोऱ्या हाताला लागल्या नाहीत. माझ्या वहीत त्या मथळ्याखालची निष्कर्षाची जागा अजून कोरी आहे.

कंपनीच्या पाहणीसाठी मला भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक मिळालं होतं. मुंबई बंदराचं. त्यात उधाणाच्या दिवसांत सकाळची ओहोटी साडेसहाच्या सुमाराला असायची. गाडी मला पहाटे कोपरीतून घ्यायची, उजाडता-उजाडता आम्ही काठावर, साडेसातला ड्रायव्हर हॉर्न द्यायचा कारण गाडीला पुढे दुसरं काम असायचं. तेवढ्या वेळात पहिल्या दोन खुंट्या होत. तिसरी पाण्याखालीच असायची. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून चौकट टाकायचा प्रयत्न एकदा केला आणि सोडून दिला.

मावशी हे सगळं काठावरून, मिश्री लावत बघायची. ती अजून उतरलेलीही नसायची.

“मास्तरीण, पानी उतरायच्या आधी तू उतरतंस, नि पानी उतरला का तू चालली.”

“ओहोटी साडेसहाची आहे मावशी. हे बघा.” मी वेळापत्रक दाखवलं.

“कुठची?”

“मुंबईची.”

“मंग मुंबैला जा.”

ड्रायव्हरसुद्धा हसला. खाडी आत वळत जाते तसं पाणी उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं. बंदरातली ओहोटी कोलशेतला पोचायला तासाहून जास्त वेळ लागतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, आकृतीसह. गाडीची वेळ बदलून द्या म्हणून मी ऑफिसला सांगितलं. बघू म्हणाले.

माझ्या वहीत मी तिसऱ्या खुंटीपुढे पेन्सिलीने लिहायचे: पाणी होतं, उतरता आलं नाही. पण कंपनीचा तक्ता संगणकावर भरायचा असे. रकाना कोरा ठेवला की तो लाल व्हायचा आणि पुढचं पान उघडत नसे. मी ऑफिसला फोन केला.

“अगं, टाक ना शून्य. पुढच्या खेपेला खरं भरू.”

मी शून्य टाकलं. पुढच्या खेपेला गाडी तशीच आली आणि पाणीही तसंच होतं. मी पुन्हा शून्य टाकलं. सगळ्या खेपांना तसंच. दरवेळी रकाना पांढरा व्हायचा, पान पुढे सरकायचं. नंतर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि मी नोकरी सोडली. सोडताना एका कागदावर सही दिली, की कामातली माहिती बाहेर देणार नाही. त्या कागदाचं मला काही वाटलं नाही, कारण माझ्याकडे माहिती आहे असंच मला वाटत नव्हतं.

मग माझे दिवस प्रयोगशाळेत पांढऱ्या ट्रेपुढे जायला लागले. चाळणीतला गाळ ट्रेमध्ये ओतायचा, त्यात गुलाबी रंग टाकायचा. जीवांची शरीरं गुलाबी होतात, वाळू आणि कुजकी पानं तशीच राहतात. मग चिमट्याने एकेक गुलाबी ठिपका उचलून मायक्रोस्कोपखाली न्यायचा. तांदळाच्या कणीएवढे, कुशीवर वळून पोहणारे. त्याहून बारीक, दोऱ्यासारखे, पण पुढे अस्सल नांगी असलेले. त्यांना मराठीत नावं नाहीत. मावशीकडेही नव्हती, जे टोपलीत टिकत नाही त्याला ती नाव देत नसे. पण कोळंबीची आणि निवट्यांची, म्हणजे चिखलात उड्या मारणाऱ्या माशांची, पिल्लं याच कणीवर वाढतात.

त्याच काळात मी खेकड्यांच्या उत्क्रांतीबद्दल वाचत होते. खेकडा हा आकार एकदाच घडलेला नाही. लांब शेपटीच्या वेगवेगळ्या पूर्वजांपासून, वेगवेगळ्या काळांत, शेपूट पोटाखाली दुमडून अंग रुंद आणि चपटं करणारे प्राणी पुन्हा पुन्हा तयार झाले. आणि काही वंशांत खेकडेपण आलं तसं गेलंही. हे वाचून मी काही दिवस अस्वस्थ होते. आमच्या घरात इतिहास पुढे पुढे जातो असं मानायची रीत होती. खेकड्यांचा इतिहास कुठे जात नव्हता. ज्याला जिथे दगडाखाली, कपारीत, बिळात शिरायचं होतं तिथे त्याची शेपूट आड येत होती, एवढंच. जेवताना मी हे वडिलांना सांगितलं. त्यांनी शांतपणे भाकरी मोडली.

“म्हणजे परिस्थिती माणूस घडवते. आम्ही तेच तर सांगत होतो.”

“बाबा, खेकडे.”

“खेकडे तर खेकडे.”

एके दिवशी मावशीच्या सुनेच्या फोनवरून मावशी बोलली. गावात कागद आलाय, इंग्रजी आहे, मागे थोडं मराठी आहे, वाचून दे. मी गेले. ओटीवर ती, तिचा दीर आणि शेजारच्या दोघी-तिघी बसल्या होत्या. कागद म्हणजे जनसुनावणीची सूचना आणि अहवालाचा मराठी सारांश. काठालगत लोकांना फिरायला एक लांब वाट आणि गाड्या लावायला जागा होणार होती. त्यासाठी खालच्या चिखलपट्टीवर भराव पडणार होता. मावशी सळई घेऊन उतरायची ती हीच पट्टी. मधल्या चिखलात तिला मिळायच्या त्या लहान चिंबोऱ्या. बाजारात बसण्याजोगं जे काही मिळायचं ते खालीच. सुनावणीला आठ दिवस होते.

मी मोठ्याने वाचत गेले. एक वाक्य आधी मनात वाचलं, मग मोठ्याने: खालच्या चिखलपट्टीत कवचधारी प्राणी आढळले नाहीत, त्यामुळे भरावाचा परिणाम नगण्य राहील.

“कवचधारी म्हंजे?” दिराने विचारलं.

“चिंबोरी, कोळंबी… सगळे.”

मावशी हसायला लागली. “नायत? मंग मी इतकी वर्सं कं काढतंय तिथशी? बटाटं?”

बाकीच्याही हसल्या. दीर म्हणाला, “कागदावर नाय म्हंजे नाय. आता बस बोंबलत.” मावशीने माझ्याकडे बघितलं. “मोजायला कोन आयला व्हता?”

“नाव दिलेलं नाही,” मी म्हटलं. सारांशात ते खरंच नव्हतं.

घरी जाऊन मी पूर्ण अहवाल उघडला. परिशिष्टातल्या कोष्टकात तिसऱ्या खुंटीसमोर माझी शून्यं ओळीने उभी होती. आई चष्मा लावून शेजारी बसली. तिला खेकड्यांतलं काही कळत नाही, पण आयुष्यभर प्रुफं वाचल्यामुळे पानावरचं जे विचित्र दिसतं ते तिला आधी दिसतं.

“वरती एवढे, मध्ये त्याहून जास्त, आणि खाली एकदम काही नाही? दरवेळी? ही छपाईची चूक वाटते.”

“छपाईची नाही. माझी आहे.”

मी सगळं सांगितलं. वडील खुर्चीतून उठले. “पत्रक काढायचं. आजच. कंपनीला उघडं पाडायचं.”

“पहिलं वाक्य काय लिहाल?” आईने विचारलं.

“लिहू की. हे भांडवलदार…”

“आमच्या मुलीने चुकीचा आकडा भरला, हे पहिलं वाक्य लिहाल का?”

वडील बसले. मग म्हणाले, “कोरा ठेवायचास.” मी म्हटलं, ठेवला होता, वहीत. ते म्हणाले, “वही कोण वाचतं?” त्यांचा सूर रागाचा नव्हता.

कंपनीत ज्यांना मी फोन करायचे त्यांना फोन केला. अहवालात दुरुस्ती करा, म्हटलं. ते अदबीने बोलले. “मॅडम, आकडे तुम्ही भरलेत. तुमच्याच लॉगिनवरून. आम्ही काय दुरुस्त करणार?” हे खरं होतं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सुनावणीत बोललीस तर पुढे तुझ्या प्रत्येक आकड्यावर कोणीतरी बोट ठेवेल. प्रबंधावरसुद्धा. विचार करून ठरव.” मग कपाटाला कुलूप लावता लावता म्हणाल्या, “जायचं असेल तर मूळ वही ने. झेरॉक्स नको. पेन्सिलीचं अक्षर दिसू दे.”

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेले. ती ओटीवर चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधत होती.

“मावशी, मोजायला मीच आलेले.”

तिने गाठ आवळली, चिंबोरी टोपलीत टाकली, दुसरी घेतली.

“म्हायती हाय.”

“कधीपासून?”

“आमच्या चिखलान तुझ्याशिवाय दुसरा कोन मरायला येतो? त्या दिवशी वाचताना तुझा तोंड बगला ना मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“मी कनाला बोलू? शून्य तू लिवलास. बोलायचा पन तूच.” तिने आणखी एक गाठ मारली. ती चिडली होती हे मला तिच्या हातांवरून कळत होतं; सुतळी नेहमीपेक्षा जोरात ओढली जात होती. “तुना मी सांगितला व्हता का नाय, मुंबैला जा? तवा हसलीस.”

“हो.”

“आता हस.”

मी सुतळीचे तुकडे तोडून तिला देत गेले. टोपली भरल्यावर तिने त्यावर ओला गोणपाट टाकला आणि म्हणाली, “परवा अवस. परवा ये. नि या खेपेला माझ्या टायमाला ये.”

अवसेला सकाळी मी पोचले तेव्हा मुंबईच्या कागदाप्रमाणे ओहोटी होऊन गेली होती. मावशीचा दीर साक्षीदार म्हणून आला होता, हातात फोन घेऊन, प्रत्येक फोटोत घड्याळ आलं पाहिजे असं त्याला बजावलेलं. आम्ही काठावर बसून राहिलो. पाणी अजून खाली जात होतं. मावशीने दोनदा मिश्री लावली. मग ती उठली, काही न बोलता उतरली, आणि आम्ही मागोमाग.

तिसऱ्या खुंटीच्या जागी मी पहिल्यांदाच कोरड्या, म्हणजे उघड्या चिखलावर उभी होते. तो वरच्या चिखलापेक्षा मऊ आणि करडा होता. स्थिर उभं राहिल्यावर त्यातून टक्-टक् आवाज यायला लागला. नांगी मिटून टिचकी मारणारी एक छोटी कोळंबी बिळात राहते, तिचा. आम्ही हललो नाही तेव्हा आजूबाजूच्या भोकांतून खेकडे बाहेर आले, एक नांगी अंगाएवढी मोठी असलेले नर, ती वर-खाली हलवत. आणि पाण्याच्या कडेपर्यंत, तिरक्या मोठ्या बिळांच्या तोंडांवर, मावशीने ठेवलेल्या काड्या होत्या. काही आडव्या, काही सरकलेल्या. मी चौकट टाकली. या वेळी एकही काडी हलवली नाही; तशाच मोजल्या, दोन वेगळ्या रकान्यांत. चिखल चाळला. चाळणीत इतकं काही वळवळत होतं की दिराने फोन खाली केला आणि नुसता बघत राहिला.

“फोटो काढ रे,” मावशी म्हणाली. “घर नंतर बांध.”

सुनावणी एका सरकारी सभागृहात झाली. प्रत्येकाला तीन मिनिटं. वाट हवी म्हणणारेही पुष्कळ होते, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं; त्यांच्या इमारतींच्या आसपास म्हाताऱ्या माणसांना चालायला खरंच जागा नाही. माझी पाळी आली तेव्हा मी वही उघडून पेन्सिलीच्या ओळी वाचल्या, मग त्याच तारखांची कोष्टकातली शून्यं वाचली, मग अवसेच्या दिवशी काय दिसलं ते. अधिकाऱ्यांनी विचारलं, “म्हणजे तुम्ही खोटी माहिती भरलीत?”

“हो.”

मागून कोणीतरी ओरडलं, “आता गावाने किती दिले?” माझं भाषण घरी तयार केलेलं होतं, त्यात जळजळीत वाक्यं होती, वडिलांची दोन आणि माझी पाच. ती मी वाचली नाहीत. तीन मिनिटं आकड्यांतच संपली.

मावशीने माईक हातात घेतला नाही, उभ्यानेच कंपनीच्या प्रतिनिधीला विचारलं, “सायब, मोजायला आयले तवा ओहोटी किती वाजता व्हती?”

त्यांनी कागद चाळले. “साडेसहा.”

“कोलशेतला?”

ते पुन्हा कागद चाळू लागले. सभागृहातली जुनी, काठावरची माणसं हसली. बाकीच्यांना का हसले ते कळलं नाही. अधिकाऱ्यांनाही नाही. मला पुन्हा उठून ते समजावून सांगावं लागलं.

निकाल असा काही लागला नाही. खालच्या पट्टीची पाहणी स्थानिक ओहोटीच्या वेळेने पुन्हा करावी आणि तोवर त्या भागाचा निर्णय घेऊ नये, असं इतिवृत्तात नोंदलं गेलं. नवी पाहणी दुसरे लोक करतील, मी नाही, आणि ते योग्यच आहे. सही दिलेल्या त्या कागदाचा हवाला देऊन कंपनीची नोटीस मला आली. तिला उत्तर देणं चालू आहे. बाईंनी माझ्या प्रबंधातला प्रत्येक तक्ता मूळ वहीशी ताडून पाहायला घेतला आहे, शेजारी मला बसवून. मावशी उधाणाच्या दिवसांत उतरते. पुढच्या वर्षी उतरेल की नाही, हे तिला माहीत नाही आणि मलाही नाही.

माझ्यासारखी मुलं आज अनेक ठिकाणी चौकटी टाकत असतील आणि त्यांच्याही गाड्या काठावर हॉर्न देत असतील. त्यांच्या आकड्यांवर तुमच्या जवळची खाडी, तलाव, नदीचं पात्र याबद्दल काही ठरेल. त्याची सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते आणि हरकतीची मुदत थोडी असते. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागते: ती सूचना दिसली की सारांशावर थांबू नका. पाहणीची मूळ नोंदवही मागा. कोण उतरलं, कुठल्या दिवशी, किती वाजता, तेव्हा पाणी कुठे होतं, हे विचारा. तिथे रोज उतरणाऱ्या एका माणसाला बरोबर घेऊन ते उत्तर त्याच्या समोर वाचा. जुळलं नाही तर हरकत लिहा, मराठीत लिहा, एक पानही पुरतं. ती मुदतीच्या आत स्वतः नेऊन द्या, आणि शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.